यीस्टचं दुसरं जेवण: दारू पचवणारी जनुकं कधी उघडतात ते सात नळ्यांत बघा

आमचं गुऱ्हाळ संकेश्वरच्या अलीकडे, हिरण्यकेशीच्या काठाला होतं. दिवाळी झाली की चुलवाण पेटायचं. रस गाळून झाला की बाबा क्षणभर कुणाला थांबू द्यायचे नाहीत, रस कायलीत पडलाच पाहिजे. मी सातवीत असताना एकदा रात्री कायलीला भोक पडलं आणि काढलेला रस सकाळपर्यंत तसाच राहिला. पहाटे बघितलं तर वर फेस धरलेला, वास नाकात शिरणारा. बाबांनी बोट बुडवून जिभेला लावलं आणि म्हणाले, "गेला. ह्याचा गूळ धरायचा नाही आता."

त्यातला पिंपभर रस गोठ्यामागं ठेवला होता. मी रोज शाळेतून आले की झाकण उचलून वास घ्यायची. पहिले दोन दिवस फेस आणि बुडबुडे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दारूचा वास. मग फेस बसला. आठवडा उलटल्यावर दारूचा वासही उतरला आणि आंबट वास वर आला. साखर कुठं गेली ते मला शाळेतच कळलं होतं, तिची दारू झाली. पण ती दारू कुठं गेली, हे मला कुणी सांगितलं नाही. पुढं एम.एस्सी.ला आल्यावर उत्तर मिळालं. थोडी उडून गेली, बरीचशी जिवाणूंनी खाऊन तिचं व्हिनेगर केलं, आणि थोडी ज्यानं ती बनवली त्या यीस्टनंच परत खाल्ली.

हे तिसरं उत्तर मला सगळ्यात आवडतं. मी बेळगावात पी.यू. कॉलेजला जीवशास्त्र शिकवते. सेकंड पी.यू.ला, म्हणजे बारावीला, जनुकांचं नियमन येतं ते लॅक ऑपेरॉनवरून, म्हणजे जिवाणूतल्या, दुधातली साखर पचवणाऱ्या जनुकांच्या गटावरून. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकून आलेली हुक्केरी, खानापूर, निपाणीकडची मुलं आमच्याकडे एकदम इंग्रजीत पडतात आणि ऑपेरॉनची आकृती पाठ करून टाकतात. जनूक "बंद" असतं आणि "उघडतं" म्हणजे नक्की काय, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं नसतं. म्हणून मी डिसेंबर-जानेवारीत हा प्रयोग लावते. तुम्ही शिक्षक असाल किंवा बी.एस्सी.ची मुलं असाल, तर साध्या लॅबमध्ये तो कसा लावायचा ते सांगते. जनुकं वाचायचं यंत्र लागत नाही. घड्याळ लागतं, आणि तीन-चार दिवसांचा धीर.

आधी गोष्ट काय आहे ते थोडक्यात. बेकरीतलं यीस्ट, सॅकरोमायसिस सेरेव्हिसिए, ग्लुकोज मिळालं की त्याचं इथेनॉल करतं. एका ग्लुकोजपासून दोन इथेनॉल आणि दोन कार्बन डायऑक्साइड. वजनात सांगायचं तर 180 ग्रॅम ग्लुकोजमधून कागदावर 92 ग्रॅम इथेनॉल निघतं. नवल हे, की भोवती हवा भरपूर असली तरी ते हेच करतं. साखर पूर्ण जाळून जास्त ऊर्जा काढता येत असताना ती अर्धवट मोडून दारू करून बाहेर टाकतं. साखर संपली की मग तीच दारू आत ओढून, ह्या वेळी हवेच्या मदतीनं, जाळून खातं. पहिलं जेवण साखरेचं, दुसरं दारूचं. दुसऱ्या जेवणाला वेगळी भांडी लागतात, म्हणजे वेगळी विकरं (एन्झाइम), आणि ती विकरं बनवणारी जनुकं साखर असेपर्यंत बंद असतात, म्हणजे त्यांचं वाचन होत नाही आणि विकरं बनत नाहीत. दोन जेवणांच्या मधे यीस्ट थांबतं. ते थांबणं आपल्याला मोजायचं आहे.

सामान सांगते. यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, पेप्टोन, प्रयोगशाळेचं ग्लुकोज, ड्राय यीस्टचं पाकीट (आम्ही खडेबाजारातून, बेकरीचं सामान मिळतं तिथून आणतो), लिक्विड पॅराफिन, कापूस, मोठ्या परीक्षानळ्या, डरहॅम नळ्या (गॅस पकडायच्या छोट्या नळ्या) आणि इथेनॉल. इथेनॉल कॉलेजच्या स्टॉकमधलं शुद्धच हवं. डिनेचर्ड स्पिरिट चालत नाही, त्यात मुद्दाम विषारी पदार्थ मिसळलेले असतात. सॅनिटायझर तर अजिबात नको. मेडिकलमधली ग्लुकोजची पुडी घेणार असाल तर चवीची, रंगाची घेऊ नका. गूळ का नाही, असं दरवर्षी कुणीतरी विचारतं, आणि मी गुऱ्हाळातली असल्यानं मलाही तो वापरायला आवडला असता. पण गुळाच्या पाण्याला रंग असतो, त्यातून नळी गढूळ झाली की नाही ते कळत नाही. शिवाय गुळात सुक्रोज, ग्लुकोज, फ्रुक्टोज सगळंच असतं, आणि आपल्याला एका वेळी एकच अन्न द्यायचं आहे.

मूळ द्रावण 300 मिली करा: 3 ग्रॅम यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, 6 ग्रॅम पेप्टोन, बाकी पाणी. प्रत्येक परीक्षानळीत 10 मिली घाला आणि आत डरहॅम नळी उलटी सोडा. ती बोटाच्या पेराएवढी बारीक नळी तरंगते, तिच्यात हवा दिसते. घाबरू नका, प्रेशर कुकरमध्ये वाफेत ती हवा निघून जाते आणि थंड होताना द्रावण आत चढतं. कापसाचा बोळा लावून कुकरला वीस मिनिटं ठेवा. दोन लहान फ्लास्कमध्येही 25-25 मिली द्रावण भरून सोबतच शिजवा, ती विरजणासाठी, म्हणजे नळ्यांत सोडायचं यीस्ट आधी वाढवून घ्यायला.

ग्लुकोज ह्यात आधीच घालायचं नाही. पेप्टोनबरोबर तापलं की ते तांबूस होतं. 40 ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून 100 मिली करा, वेगळं शिजवा आणि नंतर दर नळीला अर्धा मिली घाला, म्हणजे 2 टक्के होतं. इथेनॉल तर शिजवायचंच नाही. द्रावण हाताला गार लागलं की दर नळीला 0.2 मिली, तेही 2 टक्के. आजूबाजूला स्पिरिटचा दिवा पेटता नको. इथेनॉलची बाटली आणि दिवा एका टेबलावर येऊ द्यायचे नाहीत, हा आमच्या लॅबचा नियम आहे आणि तो मी दर बॅचला फळ्यावर लिहिते.

आता सात नळ्या. पहिलीत काहीच वाढीव घालू नका, नुसतं मूळ द्रावण. दुसरीत ग्लुकोज. तिसरीत इथेनॉल. चौथीत इथेनॉल, पण वरून दोन सेंटिमीटर पॅराफिन, म्हणजे हवा बंद. पाचवीत ग्लुकोज आणि इथेनॉल दोन्ही. सहावीत तिसरीसारखंच इथेनॉल, फक्त तिच्यात पडणारं यीस्ट वेगळं वाढवलेलं, ते पुढं सांगते. सातवीत ग्लुकोज आणि वर पॅराफिन.

सातवी नळी मी सुरुवातीला लावत नव्हते. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, चौथीतलं यीस्ट हवा नाही म्हणून वाढलं नाही, की तेलानं मेलं?" मला तिथल्या तिथे उत्तर देता आलं नाही, आणि मला तिचा फार अभिमान वाटला. दुसऱ्या दिवशी आम्ही सातवी नळी लावली. तेलाखाली ग्लुकोज असेल तर यीस्ट वाढतं आणि गॅसही करतं. तेव्हापासून ती नळी कायमची आहे.

पहिली नळी का, तेही सांगते, कारण ती विसरल्यानं माझं एक पूर्ण वर्ष वाया गेलं होतं. पहिल्या वर्षी मी ती लावलीच नव्हती. तिसरी नळी दुसऱ्या दिवशी किंचित गढूळ दिसली आणि मी मुलांना सांगून टाकलं, बघा, दारूवर वाढायला लागलं. खरं म्हणजे यीस्ट एक्स्ट्रॅक्ट आणि पेप्टोनमध्येही थोडं खाण्याजोगं असतं, तेवढ्यावर यीस्ट जरासं वाढतंच. मी दारूची म्हणून दाखवलेली वाढ दारूची नव्हती. वह्या तपासताना ते लक्षात आलं आणि पुढच्या तासाला मुलांसमोर ते दुरुस्त करावं लागलं. आता तिसरी नळी नेहमी पहिलीशेजारी धरून बघायची. पहिलीपेक्षा जेवढी जास्त गढूळ, तेवढीच दारूची कमाई.

यीस्टचं विरजण दोन तऱ्हेनं लावायचं. प्रयोगाच्या तीन दिवस आधी एका फ्लास्कमध्ये अर्धा मिली इथेनॉल घालून चिमूटभर यीस्ट भिजवलेल्या पाण्याचा एक थेंब सोडा. दुसऱ्या फ्लास्कमध्ये 1.25 मिली ग्लुकोजचं द्रावण घालून तसाच थेंब सोडा, पण प्रयोगाच्या आदल्या दिवशी. ग्लुकोजवालं रात्रीत दाट होतं. इथेनॉलवाल्याला वेळ लागतो, म्हणून ते आधी. इथेनॉलचा फ्लास्क येता-जाता हलवत राहा, त्याला हवा हवी.

मग दोन्ही धुवायची. हे सोडू नका. ग्लुकोजच्या विरजणाबरोबर उरलेलं ग्लुकोज तिसऱ्या नळीत गेलं तर सगळं बिघडलं. सेंट्रिफ्यूज असेल तर उत्तम. नसेल तर फ्लास्क रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, यीस्ट तळाला बसतं. वरचं पाणी हलक्या हातानं ओता, उकळून गार केलेलं पाणी घाला, हलवा, परत बसू द्या. असं तीनदा. मग दोन्ही विरजणं सारख्याच गढूळपणाची होतील इतकं पाणी घाला. नळीमागं पेपरचा तुकडा धरायचा आणि दोन्हींतून अक्षरं सारखीच अंधुक दिसेपर्यंत पाणी वाढवायचं. एका नळीत यीस्ट जास्त आणि दुसरीत कमी पडलं तर तुलनेला अर्थ राहत नाही.

ग्लुकोजवर वाढलेलं यीस्ट एक ते पाच आणि सातव्या नळीत, दोन-दोन थेंब. इथेनॉलवर वाढलेलं यीस्ट सहाव्या नळीत, तेही दोन थेंब. चौथ्या आणि सातव्या नळीतलं द्रावण आधी उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून विरघळलेली हवा काढा, न हलवता गार करा, मग इथेनॉल किंवा ग्लुकोज, मग यीस्ट, आणि शेवटी शिजवलेलं गार पॅराफिन नळीच्या कडेनं सोडा. बाकीच्या नळ्या तिरक्या ठेवा म्हणजे हवेला जागा जास्त मिळते. दर दोन तासांनी हलक्या हातानं फिरवा. जोरात हलवलं तर डरहॅम नळीत हवा शिरते आणि तिला गॅस समजून चूक होते. शक्य असेल तर तीन-तीन संच लावा.

ऊब 28 ते 30 अंश हवी. आपलं बेळगाव उंचावर आहे, डिसेंबरात रात्री चांगलीच थंडी पडते आणि यीस्ट मंदावतं. आमच्याकडे इन्क्युबेटर भरलेला असेल तर आम्ही थर्माकोलच्या पेटीत कोमट पाण्याच्या बाटल्या ठेवून त्यात नळ्या ठेवतो आणि सकाळ-संध्याकाळ पाणी बदलतो. सगळ्या नळ्या एकाच पेटीत हव्यात, एवढं पाळा.

मोजायचं कसं? पेपरची बारीक अक्षरं नळीमागं धरायची. स्वच्छ वाचता आली तर शून्य, अंधुक पण वाचता आली तर एक, अक्षर आहे एवढंच कळलं तर दोन, काळी रेघ दिसली तर तीन, काहीच नाही दिसलं तर चार. बघण्याआधी तळाला बसलेलं यीस्ट हलवून घ्यायचं. सोबत डरहॅम नळीत बुडबुडा आहे का तेही लिहायचं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, आणि वेळ मिनिटापर्यंत.

आमच्याकडे साधारण असं दिसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरी, पाचवी आणि सातवी नळी दाट, डरहॅम नळीत गॅस. सातवीत तर कधी कधी तेलाच्या थराखाली फुगा धरतो. तिसरी त्या सकाळी पहिलीसारखीच. पोरं हिरमुसतात. "मॅडम, ह्यात काय झालंच नाही की ओ!" मी म्हणते, लिहा तसंच, "काही झालं नाही", आणि वेळ घाला. सहावी मात्र तिसरीच्या पुढं असते. दोन्हींत अन्न तेच, हवा तीच, यीस्टची जात तीच, थेंबही तेवढेच. फरक एवढाच की सहावीतलं यीस्ट दारू खाण्याच्या तयारीनं आलेलं आहे आणि तिसरीतल्याला तयारी करायची आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी किंवा तिसऱ्या दिवशी तिसरीही पहिलीच्या पुढं जाते. चौथी मागंच राहते. आणि तिसरी, सहावी कितीही गढूळ झाल्या तरी डरहॅम नळीत दुसरीसारखा गॅस साठत नाही.

तिसरी आणि सहावी ह्यांच्यातला जो वेळ आहे, तो वहीत लाल शाईनं लिहायला सांगते. त्या तासांत तिसऱ्या नळीतली जनुकं उघडत असतात. आता आत काय चालतं ते. हे नळीत दिसत नाही, हे मुलांना स्पष्ट सांगते. नळी वाढ दाखवते. जनुकांचं काम दुसऱ्यांनी वर्षानुवर्षं खपून शोधलेलं आहे.

मी कडब्याच्या गंजीवरून सांगते. दावणीत हिरवा चारा असला की बैल कडब्याकडे बघत नाही, आणि शेतकरीही गंज मोडत नाही. हिरवं संपलं की मग गंज मोडायची, कडबा कापायचा, कोंडा मिसळायचा. यीस्टचा हिरवा चारा ग्लुकोज, आणि गंज दारूची, फरक एवढाच की ही गंज यीस्टनं हिरवं खाता खाताच रचलेली असते.

दारू बनवताना शेवटची पायरी एडीएच-1 हे विकर करतं, ॲसिटाल्डिहाइडचं इथेनॉल. दारू खाताना पहिली पायरी एडीएच-2 करतं, इथेनॉलचं परत ॲसिटाल्डिहाइड. पुढं त्याचं ॲसिटेट, मग ॲसिटाइल कोएन्झाइम-ए, आणि मग मायटोकॉन्ड्रियात ज्वलन. ही दोन विकरं सख्ख्या बहिणी आहेत. 348 अमिनो आम्लांत फरक फक्त 24 ठिकाणी. फार जुन्या काळी एकाच जनुकाच्या दोन प्रती झाल्या, एक दारू बनवण्यात तरबेज राहिली, दुसरी खाण्यात तरबेज झाली. 2005 साली शास्त्रज्ञांनी त्यांच्या पूर्वज विकराचा अंदाज बांधून ते प्रयोगशाळेत परत तयार केलं, तेव्हा ते एडीएच-1 सारखं, म्हणजे दारू बनवणाऱ्याच्या बाजूचं निघालं. दारू खाण्याचं कसब नंतरचं.

ग्लुकोज भरपूर असताना एडीएच-2 चं जनूक बंद असतं. ते उघडायला दोन प्रथिनं लागतात, एडीआर-1 आणि कॅट-8. दोन्ही जनुकाच्या अलीकडच्या भागावर आपापल्या ठरलेल्या जागी बसतात. ग्लुकोज असताना एडीआर-1 ला तिथं बसता येत नाही, आणि कॅट-8 तर बनतच नाही, कारण त्याच्या जनुकावर मिग-1 नावाचं प्रथिन आपल्या जोडीदारांना घेऊन बसलेलं असतं. ग्लुकोज संपत आलं की स्नफ-1 हे विकर जागं होतं. ते मिग-1 ला फॉस्फेट चिकटवतं आणि मिग-1 केंद्रकाबाहेर जातं. मग कॅट-8 बनतं, एडीआर-1 जागेवर बसतं, आणि एडीएच-2 वाचायला सुरुवात होते. गुऱ्हाळाच्या पोरांना मी म्हणते, मिग-1 म्हणजे गंजीजवळ बसवलेला राखणदार, आणि स्नफ-1 म्हणजे दावण रिकामी झाली हे बघून त्याला उठवणारा घरचा माणूस.

एकटं एडीएच-2 उघडून मात्र भागत नाही. ॲसिटेट पुढं नेणारी विकरं, इथेनॉलपासून उलट साखर बनवणारी विकरं, मायटोकॉन्ड्रियाचं सगळं सामान, हे सगळं नव्यानं मांडावं लागतं. 1997 साली स्टॅनफर्डमध्ये काचेच्या पट्टीवर यीस्टची जवळजवळ सगळी जनुकं ठेवून हा बदल मोजला गेला. ग्लुकोज संपताना सुमारे 710 जनुकांचं काम दुपटीहून वाढलं आणि सुमारे 1030 जनुकांचं अर्ध्याहून खाली गेलं. यीस्टची जनुकं सगळी मिळून सहा हजारांच्या आसपास. हा आकडा मी फळ्यावर लिहिते आणि मग तिसरी नळी हातात घेते. ती उशिरा गढूळ का झाली ते तेव्हा मुलांना पटतं. आत एवढी मोठी हलवाहलव चाललेली असते.

पाचव्या नळीचा अर्थही आता लागतो. तिच्यात पहिल्या क्षणापासून दारू आहे, तरी पहिली रात्र ती दुसरीसारखीच वागते. दारू समोर असणं यीस्टला पुरत नाही, ग्लुकोज जायला हवं. आणि ग्लुकोज गेलं की बस. दारूऐवजी ग्लिसरॉल दिलं तरी एडीएच-2 उघडतं.

यीस्ट ही एक बुरशीच, पण सगळ्या बुरशा असं करत नाहीत, आणि हा भाग मला स्वतःला सगळ्यात मोहक वाटतो. ॲस्परजिलस निड्युलन्स ही हिरवट बुरशीही इथेनॉलवर जगू शकते. तिच्याकडे दारूचं ॲसिटाल्डिहाइड करणारं जनूक अल्क-ए, ॲसिटाल्डिहाइडचं ॲसिटेट करणारं अल्ड-ए, आणि दोघांना उघडणारं प्रथिन अल्क-आर. ग्लुकोज असताना बंद ठेवण्याचं काम क्री-ए करतं, यीस्टच्या मिग-1 चं हे नात्यातलंच. इथपर्यंत सारखं. पण ॲस्परजिलसमध्ये ग्लुकोज काढून घेतलं म्हणून जनुकं पूर्ण उघडत नाहीत. तिथं खूण मिळावी लागते, आणि ती खूण इथेनॉलसुद्धा नाही, त्यापासून बनणारं ॲसिटाल्डिहाइड आहे. ते मिळालं की अल्क-आर कामाला लागतं, आणि स्वतःचंही जनूक आणखी जोरात चालवतं. क्री-ए अल्क-आरलाही दाबतं आणि अल्क-एलाही, म्हणजे कुलूप दोन ठिकाणी. यीस्टचं दार राखणदार उठला की उघडतं. ॲस्परजिलसला राखणदारही उठायला हवा आणि दारावर ओळखीची थापही पडायला हवी.

यीस्टला थाप का लागत नाही, ह्याचा माझ्या मनाशी लावलेला अर्थ असा: यीस्टनं दारू स्वतःच केलेली असते, साखर संपली म्हणजे दारू भोवती असणारच. ॲस्परजिलसला कुजत्या पाल्यापाचोळ्यात दारू कधी मिळते, कधी नाही. तिनं विचारून दार उघडणं योग्यच. ॲस्परजिलसचे बीजाणू फुफ्फुसाला बरे नसतात, म्हणून हा भाग मी फळ्यावरच शिकवते, प्रयोगाला बुरशी वाढवत नाही.

बिघडतं कुठं तेही ऐका. तिसरी नळी पहिल्या रात्रीतच दाट झाली आणि आंबट वास आला, तर समजा ॲसिटोबॅक्टर घुसलं. हे जिवाणू दारूचं व्हिनेगर करतात, आमच्या पिंपात त्यांनीच ते केलं होतं. म्हणून शेवटी प्रत्येक नळीचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघायचाच. यीस्ट अंडाकृती, मोठं, अंगाला लहान कोंब फुटलेलं. जिवाणू त्याच्यापुढं ठिपक्याएवढे, काठीसारखे. जिवाणू दिसले तर ती नळी यादीतून काढा, कितीही सुंदर निकाल असला तरी. दुसरं, चौथी नळी वाढली तर तेलाचा थर पातळ असणार किंवा द्रावण उकळायचं राहिलं असणार. तिसरं, सहावी आणि तिसरी सारख्याच निघाल्या तर इथेनॉलच्या फ्लास्कमधलं यीस्ट अजून वाढीला लागलंच नव्हतं. त्याला आणखी एक दिवस द्या.

ह्यातलं काहीही तोंडाला लावायचं नाही, आणि ऊर्ध्वपातन करून दारू काढून बघण्याचा विचारही नको. ते कायद्यानं गुन्हा आहे आणि धोक्याचं आहे. प्रयोग झाला की सगळ्या नळ्या परत कुकरमध्ये शिजवून मगच मोरीत ओतायच्या. पॅराफिन वेगळं काढून ठेवायचं.

शिजवण्याआधी मात्र एक शेवटचं काम करा. हे मी नेहमी शनिवारी सकाळच्या तासाला ठेवते. सहावी नळी घ्या. तीन दिवस दारूवर वाढून ती दुधाळ झालेली असते आणि डरहॅम नळी भरलेली, बुडबुड्याशिवाय. तिच्यात अर्धा मिली ग्लुकोजचं द्रावण सोडा, हलकं फिरवा आणि घड्याळ बघून वेळ लिहा. काही मिनिटांत आत मिग-1 केंद्रकात परततं आणि एडीएच-2 चं वाचन थांबतं. बाहेरून काही दिसत नाही. नळी टेबलावर उभी ठेवायची आणि दुसरं काम करत राहायचं. दुपारी डबा खाऊन परत आलं की डरहॅम नळीच्या टोकाला बघायचं. मोहरीएवढा बुडबुडा धरलेला असतो.